व्यासावरून वृत्ताचें क्षेत्रफल : लीलावतींतील रीति व गणेश दैवज्ञाची उपपत्ति

हस्तलिखितांच्या संग्रहांत गणिताचीं सुटीं पानें वारंवार आढळतात. त्यांना आदि नसतो, अंत नसतो, लेखकाचें नांव नसतें व शकहि नसतो. मध्येंच कोठें तरी वृत्ताचा व्यास सांगून त्याचें फल विचारलेलें असतें. संग्राहक अशा पानांवर बहुधा ‘लीलावतीचीं असावींत’ असा शेरा मारून तीं बाजूस ठेवितात. हा शेरा पुष्कळदां बरोबरहि ठरतो, कारण लीलावतीइतका दुसरा कोणताहि गणितग्रंथ आपल्याकडे घरोघर पढला गेला नाहीं. परंतु तो शेरा ज्या अंकावरून पडताळून पाहतां येतो, तो अंक बहुधा त्याच पानावर असतो आणि तो वाचण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. तो कसा वाचावा, आणि त्या अंकाच्या पाठीशीं असलेली उपपत्ति कोणत्या पोथींत शोधावी, हें सांगण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

व्यासावरून क्षेत्रफल काढण्याच्या रीतींत दोन भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे संबंध. परिधीचें अर्ध घेऊन त्यास व्यासाच्या अर्धानें गुणिलें असतां फल येतें. किंवा, निराळ्या शब्दांत, परिधि आणि व्यास यांच्या गुणाकाराचा चतुर्थांश म्हणजे फल. हा संबंध तंतोतंत खरा आहे, त्यांत स्थूलसूक्ष्माचा प्रश्नच येत नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे अंक, अर्थात् व्यासाच्या कितीपट परिधि असतो ही संख्या. ती पूर्णपणें कोणालाच लिहितां येत नाहीं, आणि ग्रंथकार जें काय कमीजास्त करितात तें सर्व येथेंच करितात. एखादा ग्रंथकार व्यासाचा वर्ग घेऊन त्यास एखाद्या अपूर्णांकानें गुणावयास सांगतो, तेव्हां हा संबंध आणि हा अंक एकमेकांत विरघळून जातात व वाचणाऱ्यास दोहोंपैकीं एकहि दिसत नाहीं. लीलावतींतील ११ नीं गुणून १४ नीं भागण्याची रीति शाळेंत आम्हीं वर्षानुवर्षें घोकवून घेतली. त्या ११ व १४ च्या पोटांत २२ व ७ दडलेले आहेत हें विचारल्यावर सांगणारा विद्यार्थी मात्र क्वचित् भेटला.

प्रथम संबंधाचा इतिहास पाहूं. बौधायन, आपस्तंब इत्यादींच्या शुल्बसूत्रांत वृत्ताचा चौरस करण्याची एक रीति आहे : व्यासाचे पंधरा भाग करून त्यांतील दोन टाकावे व उरलेल्या तेरा भागांची बाजू धरावी. यज्ञवेदीच्या कामास ती पुरेशी होती. परिधीचा तेथें संबंधच येत नाहीं. परिधि आणि व्यास यांवरून फल काढण्याची रीति जैन आचार्य उमास्वाति यांच्या तत्त्वार्थाधिगमभाष्यांत स्पष्ट सांपडते. पुढें शके ४२१ (इ. स. ४९९) मध्यें आर्यभटानें तीच रीति अर्धपरिधि गुणिलें अर्धव्यास अशा रूपांत दिली. तेथून पुढें भास्कराचार्यांपर्यंत हा संबंध जसाच्या तसा टिकून राहिला.

अंकाचें तसें नाहीं. त्रिगुणित व्यास म्हणजे परिधि हें व्यवहाराचें मान सर्वांत जुनें. त्याच्या जोडीस दहांचें मूळ हें सूक्ष्म मान जैन ग्रंथांत रूढ होतें. ब्रह्मगुप्तानें शके ५५० (इ. स. ६२८) मध्यें तीन हें व्यावहारिक व दहांचें मूळ हें सूक्ष्म अशीं दोन मानें दिलीं. अमोघवर्ष राष्ट्रकूटाच्या काळच्या महावीराचार्यानें गणितसारसंग्रहांत तींच घेतलीं आणि श्रीधराचार्यानेंहि दहांचें मूळच धरिलें. आश्चर्याची गोष्ट ही कीं, ब्रह्मगुप्ताच्या सव्वाशें वर्षें आधीं आर्यभटानें वीस हजार व्यासास ६२८३२ परिधि असा कितीतरी चांगला अंक देऊन ठेविला होता, आणि तो ‘आसन्न’ म्हणजे जवळचा आहे, पूर्ण नव्हे, असेंहि सांगून ठेविलें होतें. एवढें असूनहि दहांचें मूळ शतकानुशतकें सूक्ष्म म्हणून मिरवीत राहिलें. मूळ काढण्यास सुटसुटीत पडतें, गुणाकार मोठा करावा लागत नाहीं, हेंच त्याचें कारण असावें असें आमचें मत आहे. चांगला अंक उपलब्ध असणें आणि तो प्रचारांत येणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा आणि लीलावतीची रचना शके १०७२ (इ. स. ११५०) ची. आर्यभटाच्या दोन्ही संख्यांस सोळानें अपवर्तन दिलें कीं ३९२७ व १२५० ह्या संख्या येतात, आणि ह्याच लीलावतींत सूक्ष्म म्हणून दिल्या आहेत. २२ व ७ ह्या व्यवहारासाठीं. श्लोकांत हे अंक शब्दसंज्ञांनीं सांगितलेले आहेत : भ म्हणजे नक्षत्रें सत्तावीस, नंद नऊ, अग्नि तीन, आणि अंकांची गति वामतः, म्हणून ३९२७. अशा अंकाला वृत्ताचें संरक्षण असतें. लेखकानें एखादें अक्षर गाळलें तर छंद मोडतो व चूक तत्काळ उघडी पडते. ह्यानंतर लीलावतींत फलाचा संबंध येतो, त्याच ओघांत गोलाचें पृष्ठफल व घनफल येतात, आणि त्यापुढें केवळ व्यासावरून फल काढण्याची रीति येते : व्यासाच्या वर्गास ३९२७ नीं गुणून ५००० नीं भागावें म्हणजे सूक्ष्म फल, ११ नीं गुणून १४ नीं भागावें म्हणजे स्थूल फल.

भास्कराचार्यांचे ग्रंथ पढविण्यासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापन केला. तत्संबंधींचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगांवजवळच्या पाटणें येथें आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो उजेडांत आणिला. त्याचा शेवटचा भाग तत्कालीन मराठींत असल्यामुळें तो भाषेच्या अभ्यासकांनाहि परिचित आहे. पुढें इ. स. १५८७ मध्यें फैजीनें लीलावतीचें फारसी भाषांतर केलें, १८१६ मध्यें मुंबईस जॉन टेलर यांचें व १८१७ मध्यें लंडन येथें कोलब्रूक यांचें इंग्रजी भाषांतर छापलें गेलें. इतक्या हातांतून गेलेल्या ग्रंथाचीं सुटीं पानें देशभर विखुरलेलीं असावींत यांत नवल नाहीं.

आतां अंक कसा वाचावा तें पाहूं. लीलावतींतील उदाहरणांत व्यास सात आहे. हाच सात व्यास घेऊन निरनिराळ्या मानांनीं काय येतें तें पाहावें. तीन मान धरिलें तर फल छत्तीस पूर्णांक तीन चतुर्थांश येतें. दहांचें मूळ धरिलें तर दीड हजार पूर्णांक पांच अष्टमांश या संख्येचें मूळ काढावें लागतें, व तें सुमारें ३८·७४ भरतें. बावीस सप्तमांश धरिल्यास साडेअडतीस. लीलावतींतील सूक्ष्म मानानें ३८ पूर्णांक २४२३ भागिले ५०००. आज ज्ञात असलेलें फल ३८·४८४५ आहे. साडेअडतिसांत सुमारें पंधरा सहस्रांश अधिक येतात, तर शेवटच्या अंकांत दशसहस्रांशाहूनहि कमी फरक राहतो. तेव्हां पानावर व्यास सात व उत्तर साडेअडतीस किंवा ‘२४२३’ दिसलें तर तें पान लीलावतीच्या परंपरेंतील मानण्यास जागा आहे. मूळ काढण्याची क्रिया दिसली तर मात्र लीलावतीचें नांव घेण्याची घाई करूं नये. तें पान श्रीधराचें, महावीराचें किंवा एखाद्या जैन करणग्रंथाचें असूं शकेल. ह्या परीक्षेनें परंपरा कळते, काळ कळत नाहीं. जुना अंक नव्या पानावर उतरवून घ्यावयास कोणाचीच आडकाठी नव्हती.

येथें एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. आपल्याकडे अपूर्णांकांत मधली रेघ नसे. पूर्णांक वर, त्याखालीं अंश, त्याखालीं छेद अशी उभी मांडणी असे. घाईच्या लेखकानें ती आडवी करून सलग लिहिली तर ३८, २४२३ आणि ५००० यांची मिळून एकच प्रचंड संख्या होते, आणि वाचणारा ती कोणत्या तरी ग्रहगणिताची समजून फसतो. श्लोकांतील शब्दांक छंदामुळें सुरक्षित राहतो. उदाहरणाच्या मांडणींतील आंकड्यांना तसा कोणीच राखणदार नसतो.

छंदाच्या संरक्षणालाहि मर्यादा आहे. त्याचा मासला धवला टीकेंत आहे. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांच्या ह्या विस्तृत टीकेचीं ताडपत्रें मूडबिद्री येथें होतीं. डॉ. हिरालाल जैन यांनीं संपादिलेला तिचा पहिला भाग इ. स. १९३९ मध्यें अमरावतीहून प्रसिद्ध झाला. वीरसेनाचार्यांचा काळ इ. स. च्या नवव्या शतकाच्या आरंभींचा. त्यांनीं परिधीविषयीं एक संस्कृत श्लोक उद्धृत केला आहे. त्याचा आशय असा : व्यासास सोळानें गुणावें, त्यांत सोळा मिळवावे, एकशें तेरांनीं भागावें, आणि त्यांत व्यासाची तिप्पट मिळवावी. ‘सोळा मिळवावे’ हें पद काढून टाकिलें तर ३५५ भागिले ११३ हें अत्यंत सूक्ष्म मान हातीं येतें. तें पद ठेविलें तर एक व्यासाच्या वृत्ताचा परिधि सव्वातिनाहूनहि अधिक होतो, जें उघड चुकीचें आहे. श्लोक छंदांत नीट बसतो, तरी अर्थ बसत नाहीं. व्यास फार मोठा असेल तर ह्या सोळांनीं पडणारा फरक नगण्य होतो, हेंहि खरें. आणि जैन आगमांतील व्यास योजनांच्या लक्षावधींत असतात. पाठ कोणत्या पिढींत बिघडला, कीं मूळ श्लोककारानेंच तसें लिहिलें, याचा निकाल केवळ गणितानें लागणार नाहीं. ज्यांच्या हातीं जुनीं ताडपत्रें आहेत त्यांनीं ह्या एका पदाकडे अवश्य पाहावें.

आतां उपपत्तीकडे वळूं. आपल्याकडे नुसतीं सूत्रें होतीं, तीं खरीं कां हें सांगण्याची चाल नव्हती, असा एक समज इंग्रजी अमदानींतल्या पुस्तकांतून पसरला व आपल्यांतील सुशिक्षितांनींहि तो उचलला. हा समज मूळ श्लोकांपुरतें पाहणाऱ्याचा आहे. उपपत्ति नसेल तर गणकाला विद्वत्सभेंत मान मिळत नाहीं व त्याचें स्वतःचें मनहि निःशंक होत नाहीं, असें स्वतः भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत म्हटलें आहे. आणि गोलाच्या पृष्ठफलाविषयीं लल्लाची रीति चुकीची कां हें दाखवितांना, आंवळ्यावर जशा उभ्या रेषा असतात तसे गोलाच्या पृष्ठाचे भाग पाडून, त्यांनीं ती उपपत्ति वासनाभाष्यांत मांडलीहि आहे. लीलावतींत मात्र वृत्तफलाचें कारण त्यांनीं दिलें नाहीं. ग्रंथ मुलांसाठीं होता व कारण सांगणें गुरूचें काम होतें. तें काम पुढें टीकाकारांनीं केलें.

त्यांत कोंकणांतील नंदिग्रामचे गणेश दैवज्ञ यांस आम्ही अग्रस्थान देतों. नंदिग्राम म्हणजे जंजिरा-मुरूडजवळचें नांदगांव. केशव दैवज्ञांचे हे पुत्र. शके १४४२ चा त्यांचा ग्रहलाघव पंचांगाच्या निमित्तानें महाराष्ट्रांत प्रत्येक जोशाच्या हातीं गेला, शके १४६७ (इ. स. १५४५) ची त्यांची लीलावतीवरील टीका बुद्धिविलासिनी मात्र फार थोड्यांनीं वाचली. पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलींत, ग्रंथांक १०७ म्हणून, दत्तात्रेय विष्णु आपटे यांनीं ती महीधराच्या विवरणासह १९३७ मध्यें प्रसिद्ध केली. तेव्हांपासून तरी ती दुर्मिळ म्हणतां येत नाहीं.

अंकाविषयीं गणेश दैवज्ञांची उपपत्ति अशी : व्यास शंभर धरावा. वृत्तांत समषट्कोण काढिला तर त्याची प्रत्येक बाजू त्रिज्येइतकी, म्हणजे पन्नास, असते. ह्या बाजूचें अर्ध पंचवीस. त्यावरून शर काढावा, आणि शर व अर्धज्या यांच्या वर्गांच्या योगाचें मूळ घ्यावें म्हणजे द्वादशकोणाची बाजू मिळते. हीच क्रिया पुनःपुन्हा केली असतां २४, ४८, ९६, १९२ व शेवटीं ३८४ बाजूंची आकृति होते. द्वादशकोणाच्या परिमितीचा वर्ग सुमारें ९६४६२ येतो, चोवीस बाजूंचा ९८१३४, आणि तीनशें चौऱ्यायशीं बाजूंचा ९८६९४. बाजू इतक्या लहान झाल्या कीं आकृति व वृत्त यांतील अंतर दिसेनासें होतें. ह्या शेवटच्या संख्येच्या मूळावरून त्रैराशिकानें १२५० व्यासाचा परिधि काढिला तर तो ३९२७ हून किंचित् कमी येतो, म्हणून तो ३९२७ धरावा.

ही क्रिया आम्हीं कागदावर पुन्हा करून पाहिली. तिच्यांत एक गोष्ट अशी आढळते कीं ती वाचकांपुढें ठेवणें अवश्य आहे. हीच ३८४ बाजूंची परिमिति आर्यभटाच्या वीस हजार व्यासाला लाविली तर ६२८३१ व एकाचा सुमारें सप्तमांश एवढा परिधि येतो. जवळची पूर्ण संख्या घेतली तर ६२८३१ च घ्यावी लागेल, ६२८३२ नव्हे. ६२८३२ येण्यास बाजू आणखी एकदां दुप्पट, म्हणजे ७६८, कराव्या लागतात. तेव्हां गणेश दैवज्ञांची उपपत्ति अपवर्तन दिलेल्या अंकाला पुरी पडते, मूळ अंकाला पुरी पडत नाहीं. अर्थात् आर्यभट नेमक्या ह्याच ३८४ च्या वाटेनें गेला असें जे कोणी टीकेवरून अनुमान काढतात, त्यांच्या अनुमानाला हा अंकच आड येतो. टीकाकारानें आपल्या काळच्या विद्यार्थ्याला पटेल असें कारण दिलें. हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं तो अंक कसा निघाला हें सांगण्याचें त्याचें प्रयोजन नव्हतें.

संबंधाची उपपत्ति त्याहून सोपी व आमच्या मतें अधिक सुंदर आहे. वृत्ताचे दोन समान अर्ध करावे. प्रत्येक अर्धाचे केंद्रापासून परिधीपर्यंत हवे तितके समान टोकदार खंड पाडावे, पण परिधीकडील कडा सुटूं देऊं नये. मग ती कड सरळ करून अर्ध उलगडावें म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी आकृति होते. दुसरें अर्धहि तसेंच उलगडावें व एकाचे दाते दुसऱ्याच्या खांचांत बसवावे. दोन्ही मिळून एक आयत होतो. त्याची लांबी अर्धा परिधि आणि रुंदी अर्धा व्यास. आयताचें फल लांबी गुणिलें रुंदी हें सर्वांस मान्य, तेव्हां वृत्ताचें फलहि तेंच. खंड जितके अधिक व बारीक, तितका आयत नीट, हें पाहणाऱ्याच्या डोळ्यांनाच कळतें. ही कृति कोलब्रूक यांनीं आपल्या भाषांतराच्या टीपेंत उतरवून घेतली होती. म्हणजे उपपत्ति नव्हती असें म्हणणाऱ्यांपुढें ती १८१७ पासून छापलेली होती.

उलट, हें सर्व प्रथम आम्हींच केलें अशी फुशारकी मारणाऱ्यांनींहि थोडें थांबावें. आर्किमिडीजनें इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत ९६ बाजूंच्या आकृतीवरून बावीस सप्तमांश ही वरची मर्यादा ठरविली होती, आणि वृत्ताचें फल परिधि हा पाया व त्रिज्या ही उंची असलेल्या त्रिकोणाएवढें असतें हें सिद्ध केलें होतें. चीन देशांत ‘नऊ प्रकरणें’ या गणितग्रंथावरील टीकेंत ३९२७ व १२५० हीच जोडी आढळते. केवळ अंक जुळले म्हणून एकानें दुसऱ्याचें घेतलें असें ठरत नाहीं. आपल्याच देशांत, मलयाळम् भाषेंतील ज्येष्ठदेवाच्या युक्तिभाषेंत, गणेश दैवज्ञांच्याच शतकांत, दाते एकमेकांत बसविण्याची हीच युक्ति आहे. शिवाय त्या केरळीय परंपरेंत माधवापासून परिधीची अनंत श्रेढी चालत आलेली होती, जी कोंकणांत पोंचल्याची खूण बुद्धिविलासिनींत दिसत नाहीं.

संग्राहकांचा मात्र एक दोष दाखविल्यावांचून राहवत नाहीं. सुंदर अक्षराची, हाशिये आंखलेली, मूळमात्र लीलावती ते आदरानें जपतात. दाट ओळींची, खाडाखोडीची, क्षेत्रें काढलेली टीकेची पोथी ‘अशुद्ध व त्रुटित’ म्हणून दुय्यम मानतात. एका गृहस्थांच्या दप्तरांत तर टीकेचीं पानें मूळ पोथीच्या वेष्टनाला पुठ्ठा म्हणून वापरलेलीं आम्हीं पाहिलीं. शिवाय टीका उतरवितांना लेखक आकृतीसाठीं जागा कोरी सोडतो, आणि आकृति काढणारा हात पुढें येतोच असें नाहीं. मग ‘असें क्षेत्र’ म्हणून वाक्य संपतें व पुढें चार बोटें पांढरा कागद राहतो. वर सांगितलेली उपपत्ति अशी आहे कीं आकृतीवांचून ती अर्धीच उरते.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं बुद्धिविलासिनीची हस्तलिखित प्रत असेल, त्यांनीं क्षेत्रव्यवहारांतील वृत्तफलाचें स्थळ उघडून इतकें टिपून घ्यावें : आकृति काढलेली आहे कीं जागा कोरी आहे; काढलेली असल्यास प्रत्येक अर्धांत किती खंड दाखविले आहेत; दोन अर्धें वेगळीं काढून मग जोडलेलीं दाखविलीं आहेत कीं नुसता शेवटचा आयतच आहे; आणि प्रतीचा शक व लेखनस्थान काय. चार-पांच प्रतींची अशी माहिती एकत्र झाली तर आकृति टीकाकारापासून चालत आली कीं पुढच्या अध्यापकांनीं आपापल्या परीनें घातली, हें ठरवितां येईल.